रोजच्यासारखी नदी

नगराळे मॅडमच्या हातात पाण्याचा पेला दिला की आधी त्या तो ट्यूबलाइटकडे धरतात. मग नाकाशी नेतात. मग पेला जरासा फिरवून तळाशी काय बसतं ते पाहतात. एवढं झाल्यावर जी बिचारी ट्रे घेऊन हसत उभी असते तिला सांगतात, "बाई, टाकी धुवून घेजा." पाणी पितात की नाही, हा पुढचा प्रश्न.

भाच्याच्या साक्षगंधाला माझ्या बायकोनं, म्हणजे सुमननं, त्यांना आग्रह करकरून नेलं. मुलीकडच्यांनी मांडवात निळे जार लावले होते. मॅडमनी पेला दिव्याखाली धरला, वास घेतला आणि थेट मुलीच्या वडिलांना विचारलं, "हे बोअरचंच पाणी आहे न? मंग जार कायले मांडले?" ते गृहस्थ जेवणं होईस्तोवर माझ्याशी बोलले नाहीत. जार काय मी भरून आणले होते? पण नवरदेवाचा मामा मी, आणि मॅडम आमच्या गाडीतून उतरल्या होत्या, तेव्हा गुन्हेगारही मीच.

मी रागीट आहे असं सुमन म्हणते. असेन. तहसिलीत जन्म काढून जो माणूस शांत राहिला असेल तो मला दाखवा, मी त्याच्या पाया पडतो. पण माझा राग दुधासारखा, वर येतो आणि खाली बसतो. मॅडमचा राग वेगळा. तो कायम चुलीवरच असतो, आणि तो फक्त पाण्यासाठी राखून ठेवलेला. भाजीवाल्यानं फसवलं तर हसतील. नळाला गढूळ पाणी आलं की पेटल्याच.

त्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर बोरगाव मेघेत आमच्या शेजारचं घर घेतलं आणि एकट्या राहायला आल्या. यजमान आधीच गेलेले. सरकारी नोकरीत होते, एवढंच सांगितलं होतं आणि आम्हीही जास्त विचारलं नाही. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, दोन खुर्च्या, आणि बाकी सगळ्या बाटल्या. पलंगाखाली बाटल्या, खिडकीत बाटल्या, देवळीत बाटल्या. एखाद्या दारुड्याचं घर असावं तसं ते घर, फक्त बाटल्या स्वच्छ.

तर या बाटल्यांचं प्रकरण असं. आमच्या भागातल्या नद्यांचं पाणी तपासणारी एक हौशी मंडळी आहे. महिन्यातून एकदा ठरलेल्या जागांवर जायचं, नदीचं पाणी बाटलीत घ्यायचं, बर्फात ठेवायचं आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायचं. सुरुवातीला मोठा उत्साह होता. सगळ्यांना सारख्या टोप्या मिळाल्या, नदीकाठी फोटो झाला, पेपरात आला. पुढच्या महिन्यात ऊन तापलं आणि टोप्या घरी राहिल्या. कोणाच्या घरी लग्न, कोणाचा गुडघा, कोणाचा नातू आलेला. शेवटी मंडळी म्हणजे एकट्या नगराळे मॅडम उरल्या. आणि मी. मी तर सभासदही नाही.

मी कसा सापडलो? सुमननं मला देऊन टाकलं. मॅडम स्कूटीवर बर्फाचा डबा बांधत होत्या, तो घसरत होता, हे हिनं फाटकातून पाहिलं आणि माझ्यासमोरच म्हणाली, "अवो मॅडम, हे काय करून राह्यल्या? आमच्याकडे गाडी आहे न. हे घरीच असतात. येतील." वापरून झालेला कूलर द्यावा तसं मला दिलं तिनं. तेव्हापासून मी ड्रायव्हर आहे आणि आमच्या फ्रीजचा वरचा कप्पा मॅडमचा आहे. पाहुणा आला आणि सरबतात बर्फ मागितला तर सुमन त्याला सांगते, "तो नदीचा आहे, त्याले हात लावू नका." पाहुणा सरबत ठेवून देतो.

मॅडमचं एक पालुपद आहे, "मधातलं," म्हणजे मधलं. नदीचा नमुना घेताना काठाचं साचलेलं पाणी घेत नाहीत. मधल्या धारेत जायचं, बाटलीचं तोंड प्रवाहाकडे करायचं, ती बुडवायची आणि झाकण पाण्यातच लावायचं. ठीक आहे, शास्त्र आहे. पण मॅडमनी ते सगळ्या संसाराला लावलं. किराणा दुकानात तुरीच्या डाळीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालतात. "वरची नको, मधातली." पंगतीत वाढपी वरण घेऊन आला की, "मधातलं वाढ, बापू." कॉलनीत दोन घरांचं गाडी लावण्यावरून भांडण झालं, तर मॅडमनी दोघांनाही विचारलं नाही. मधल्या घरच्या म्हातारीला विचारलं. तिला ऐकू येत नाही, पण नमुना मधला हवा.

आता त्या गावाची गोष्ट. नाव सांगत नाही, कारण तिथे सुमनचे दूरचे मामा राहतात आणि मला पुढच्या लग्नात त्यांच्याच पंगतीत बसायचं आहे. वर्धेला जाऊन मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठी ते गाव. नदीच्या पात्राला लागून एक मोठी गोल विहीर, तिच्यावरून गावाला नळ. बरीच वर्षं गाव ते पाणी गोड म्हणून प्यालं. मग वरच्या अंगाला कापड रंगवायचा एक कारखाना आला. त्याचा नाला विहिरीच्या थोडा वर नदीत पडतो. बाजारात ज्या रंगाचं लुगडं खपतं त्या रंगाची नदी वाहू लागली. पोरांच्या अंगाला खाज, घरोघर पोटाच्या तक्रारी, आणि डाळ शिजता शिजेना.

गावानं अर्ज केले. चौकशी झाली. आणि चौकशीअंती कागद काय आला, ऐका. "सदर विहिरीची जागा मुळातच चुकीची निवडली गेली असून हा तत्कालीन अभियंत्याच्या नियोजनातील दोष आहे. सबब विहीर बंद करण्यात यावी." म्हणजे नाला राहणार, कारखाना राहणार, रंग राहणार. चूक कोणाची, तर विहिरीची. आणि तो तत्कालीन अभियंता कुठे आहे, काय आहे, त्याला कोणी विचारलं का? छे. जो उत्तर द्यायला येणार नाही त्याच्या नावावर खापर फोडायचं, ही आमच्या कचेऱ्यांची जुनी रीत. मी ती आतून पाहिलेली आहे. कागदाखाली लिहिलं होतं की कोणाजवळ काही पुरावा असल्यास सुनावणीच्या दिवशी हजर करावा.

मामांनी तो कागद सुमनला पाठवला, सुमननं मॅडमना दाखवला. आमच्या व्हरांड्यात बसून त्यांनी तो वाचला. परत वाचला. चष्मा काढला, पुसला, घातला.

"मुळातच चुकीची म्हणे," त्या म्हणाल्या. "मुळात पाणी कसं होतं, यायले काय माईत?"

"जाऊ द्या हो मॅडम," मी म्हटलं. "सरकारी भाषा आहे."

"जाऊ कशी देऊ?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू तो कागद मीच टाईप केला असावा.

पुरावा सोपा होता. दोन नमुने घ्यायचे, एक, नाला नदीला मिळतो त्याच्या वरून, एक नाल्याच्या खाली, विहिरीपाशी. वरचं पाणी चांगलं आणि खालचं वाईट निघालं, की विहीर सुटली आणि नाला सापडला. अहवाल आठवड्यात येतो, सुनावणीही जवळ आलेली. म्हणजे एकच फेरी हातात होती. होळी नुकतीच झाली होती. आम्ही पहाटे निघालो, मागच्या सीटवर बर्फाचा डबा, पुढे मॅडम, आणि गाडी चालवत मी, उपाशी.

पण सुमननं एक उद्योग करून ठेवला होता. आदल्या दिवशी मामांना फोन केला, "आमच्या पाणी तपासणाऱ्या मॅडम येऊन राह्यल्या, लक्ष ठेवजा." बस. गावानं लक्ष ठेवलं.

नदीकडे वळणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना चुन्याची पांढरी फक्की मारलेली. नदीत उतरायच्या जागी रांगोळी. करंजाच्या झाडाखाली खुर्च्या, सतरंजी, टेबलावर फुलदाणी, आणि सरपंच इस्त्रीचा शर्ट घालून हात जोडून उभे. नदीकडे पाहिलं तर काय, नितळ. तळाचे गोटे दिसत होते. मॅडम काठावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी नुसता श्वास घेतला.

"ब्लीचिंग पावडर टाकली काय जी?"

सरपंचांचा चेहरा फुलला. "हो जी. दोन पोते. कालपासून म्हशीबी उतरू नाई देल्या नदीत. आन नाला त बुजवूनच टाकला मॅडम, वरती मातीचा बांध घातला, गावातल्या साऱ्या पोट्ट्यायनं. एक थेंब नाई येऊ देला रंगाचा."

"काऊन?" मॅडमच्या तोंडून एवढंच निघालं.

"काऊन म्हंजे? तुमी येऊन राह्यल्या न जी. पाव्हन्याले घान दाखवाची काय?"

मी बोललो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, अरे बाबांनो, वर्षभर घाण प्यायलात, ओरडलात, अर्ज केलेत, आणि ज्या दिवशी ती घाण दाखवायची त्या दिवशी तिला न्हाऊमाखू घातलंत? पोराला ताप आला म्हणून डॉक्टरकडे नेताना त्याच्या तोंडाला पावडर लावता, ते समजतं. पण तापच काढून ठेवता का घरी? उद्या तो साहेब हाच अहवाल तुमच्या तोंडावर मारेल आणि म्हणेल, पाणी तर उत्तम आहे, मग तक्रार कशाची? सरपंच खाली पाहू लागले. त्यांच्या मागे उभी असलेली बाई चहाचा ट्रे घेऊन जागच्या जागी थांबली. नंतर मला वाईट वाटलं, कारण त्या माणसांनी रात्रभर फावडी मारली होती, आणि ती आमच्यासाठीच मारली होती.

मग मी एक व्यवहारी तोडगा काढला. म्हटलं, मॅडम, आता वेळ नाही. बांधापलीकडे नाल्यात रंगाचं पाणी तुंबलेलंच आहे. त्यातली एक बाटली भरू, वर 'विहिरीपाशी' असं लिहू. खोटं काय त्यात? रोज तेच पाणी इथे येतं.

मॅडम माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्याचीच मला भीती वाटली. "भाऊ," त्या म्हणाल्या, "यायनं चांगुलपणानं खोटं केलं, आपण शहाणपणानं करू. फरक काय राह्यला मंग?" आणि सरपंचांकडे वळून म्हणाल्या, "बांध फोडा. मी थांबतो. नदी रोजच्यासारखी होऊ द्या."

विदर्भात कितीतरी बायका 'मी थांबतो' म्हणतात, त्यात नवल नाही. नवल हे की त्या खरंच थांबल्या. बांध फुटला. आधी पावडरीचं पाणी वाहून जायचं होतं, मग तुंबलेल्या रंगाचा लोंढा जायचा होता, आणि मग कुठे नेहमीची नदी येणार होती. लोंढा आला तेव्हा मी आशेनं बाटली उघडली. "बंद करा," मॅडम म्हणाल्या, "हे रोजच्याहून जास्त आहे." घ्या. कमीही चालत नाही, जास्तही चालत नाही.

सरपंच म्हणाले, तोवर विहीर तरी पाहून घ्या. मॅडमनी मान हलवली. "मले नदीचं पाणी पाह्यजे. विहिरीचं काय काम?" आणि खुर्ची उचलून त्यांनी नदीकडे तोंड करून ठेवली, विहिरीकडे पाठ. ऊन वर आलं. मला बर्फाची काळजी, मॅडमना नदीची. माझं डोकं तापलेलं होतं आणि ते ऐकून घ्यायला कोणी नव्हतं.

तेवढ्यात गणपत बाबा आले. गावातले म्हातारे, हातात काठी, डोक्यावर टोपी. विहीर खोदली तेव्हा ते कामावर होते. सतरंजीवर बसले आणि कोणी न विचारताच सुरू झाले.

"चुकीची जागा म्हंते आता. अवो, साहेबानं गावभर फिरून जागा पाह्यली होती. अर्धी खोदली आन काळा दगड लागला. ठेकेदार म्हने, सोडून द्या. साहेब म्हने, पानी खालीच हाये. अथीच तंबू टाकला, या करंजाखाली. आमच्यासंग भाकर खाय, आमच्यासंग झोपे. दिवाळी आली, मी म्हटलं, साहेब, घरी जा न जी. त म्हने, गणपत, पानी लागू दे, मंग जातो."

"आणि लागलं?" मी विचारलं.

"लागलं न. पहिली बालटी त्यायनंच काढली. साऱ्यायले पाजलं, मंग सोता पेले. आन मंग हासत हासत म्हने, आता घरी त जातो गणपत, पन बायको घरात घेत असन काय मले?"

बाबा हसले. मीही हसलो. मॅडम नदीकडेच पाहत होत्या.

"घेतलं होतं घरात," त्या म्हणाल्या. "जेवाले मात्र वाढलं नोतं."

मला समजायला जरा वेळ लागला. गणपत बाबांना माझ्याआधी समजलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली, पुन्हा घातली. "बाई, तुमी होय काय?" एवढंच म्हणाले.

"कोणाले सांगू नका बाबा. सुनावणी होऊ द्या." मग माझ्याकडे न पाहता, "तुमीही भाऊ. समजलं त म्हणतील, नवऱ्यासाठी नमुना आणला."

ज्या माणसाच्या नावावर त्या कागदानं खापर फोडलं होतं तो माझ्या शेजारणीचा नवरा होता. आणि ही बाई माझ्याच व्हरांड्यात तो कागद वाचून, चष्मा पुसून, घरी गेली होती. कोणाला एक अक्षर बोलली नव्हती. मी त्यांना 'जाऊ द्या' म्हटलं होतं. मी उठून गाडीपाशी गेलो आणि बर्फ पाहण्याचं निमित्त करून तिथेच उभा राहिलो.

ऊन कलल्यावर गणपत बाबांनी पाण्याकडे पाहून सांगितलं की आता रोजच्यासारखं आहे. सरपंचांनीही मान हलवली. मॅडमनी दोन्ही जागी आपल्या हातानं नमुने घेतले, धारेच्या मधोमध उभ्या राहून, झाकण पाण्यात लावून. प्रयोगशाळा बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून मी गाडी अशी हाणली की एरवी मॅडमनी मला खाली उतरवलं असतं. त्या दिवशी त्या डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

सुनावणीत साहेबांनी अहवाल वाचला, दोनदा वाचला. नाल्याच्या वर पाणी चांगलं, नाल्याच्या खाली वाईट. यात वाचायला तिसऱ्यांदा काय होतं? मग त्यांनी मॅडमना विचारलं, "आपला या विहिरीशी काय संबंध?"

"रसायनशास्त्र शिकवत होती," मॅडम म्हणाल्या.

गणपत बाबा कोपऱ्यात बसले होते. ते काठीकडे पाहत राहिले. साहेबांनी ते जुनं वाक्य वगळायला लावलं आणि विहीर बंद करायचा हुकूम रद्द झाला. नाल्याचं काय झालं ते विचारू नका. कारखान्याला नोटीस गेली, नोटिशीला उत्तर आलं, उत्तराला पुन्हा नोटीस गेली. गावाला तोवर टँकर. माझा रक्तदाब त्या टँकरवर अवलंबून आहे. पण जागा चुकलेली नव्हती, हे कागदावर आलं.

आम्ही परत निघालो. मला वाटलं होतं की मॅडम खूश असतील, निदान चहा तरी पाजतील. फाट्यापाशी आल्यावर म्हणाल्या, "भाऊ, गाडी त्या गावाकडे घेता काय?"

मी वैतागलो. दिवसभर कचेरीत बसून माझी पाठ गेली होती. "आता कायले? कोणता नमुना राह्यला? आणि बर्फ कुठे आहे?"

"बाटल्या नाई आणल्या आज," मॅडम म्हणाल्या. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "त्यांनी लयदा म्हटलं हो, चल, विहीर दाखवतो. मी रागानं गेलीच नाई. म्हटलं, त्या विहिरीपायी माझी दिवाळी गेली, मले नाई पाहाची. मंग त्यांनी म्हणणंच सोडून देलं."

मी गाडी वळवली.

"जास्त वेळ नाई लागणार," त्या म्हणाल्या. "नुसती पाहून येतो."